हलगीचे ठोके आणि श्रेयाची ओळ : कोल्हापुरातल्या एका संगीतकाराचं प्रकरण

एका मराठी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात चार मिनिटं हलगी वाजली. वाजवणारी पोरं एका पेठेतल्या रविवारच्या वर्गातली होती. पुढे त्याच हलगीचं स्वतंत्र गाणं काढायला एक म्युझिक लेबल आलं आणि प्रश्न उभा राहिला : हे ठोके कुणाचे? संगीतकाराचे, निर्मात्याचे, पोरांचे, की पोरांना शिकवणाऱ्या वस्तादांचे?

संगीतकार पन्नाशीकडे झुकलेले. मुलं त्यांना सर म्हणतात, आपणही तेच म्हणू. माणसांची आणि चित्रपटाची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत, रकमा गोल केल्यात.

वर्षाचं गणित

राजारामपुरीत एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे सरांचा स्टुडिओ. एकीत गायक उभा राहतो, दुसरीत संगणक. वर्षाची कामं पंचांगावर चालतात. नवरात्राआधी अंबाबाईची गाणी, चैत्र यात्रेआधी जोतिबाची, श्रावणात गणपती मंडळांची, डिसेंबर उजाडला की शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक. निवडणूक लागली तर प्रचारगीतं. प्रचारगीताचे पैसे सर आधी घेतात, कारण उमेदवार पडला की उधारीही पडते.

रेकॉर्ड काढण्याच्या धंद्यात कॅसेट होती तोवर दुकानदाराकडून थेट हिशेब यायचा. आता लेबल ठोक रकमेला गाणं विकत घेतं किंवा संगीतकार स्वतःच्या चॅनेलवर टाकतो आणि वर्षभर आकडे बघत बसतो. चित्रपटाचं काम वर्षा-दोन वर्षांत एखादं.

या गावात निव्वळ चित्रपटावर जगणारा संगीतकार शोधावा लागेल. एके काळी तो पगारदार होता. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथे सुरू झाली, तिच्या पहिल्या बोलपटाला १९३२ मध्ये गोविंदराव टेंबे यांनी संगीत दिलं आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. त्या काळी स्टुडिओतल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ होता, आज मोरेवाडीला चित्रनगरी आहे. पण चित्रीकरणाला येणारं युनिट हॉटेल आणि जेवण इथलं घेतं, संगीत बहुतेक वेळा मुंबई-पुण्याचंच. पगारदाराला कराराची चिंता नव्हती. आजचा संगीतकार प्रत्येक कामाचा ठेकेदार आहे आणि ठेकेदाराला कागद वाचावा लागतो.

रविवारचा वर्ग

काही वर्षांपूर्वी पेठेतल्या एका तालीम मंडळाने सरांना गळ घातली, पोरांसाठी काहीतरी सुरू करा. सर पेटी घेऊन गेले आणि समूहगान सुरू केलं. पोरं थोड्याच दिवसांत पांगली. मग सरांनी एका वयस्क हलगीवादकाला बोलावलं. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. हलगी, घुमकं (खोल आवाजाचं चर्मवाद्य), कैताळ (धातूची झांज) असा संच जमला आणि खोली पुरेना.

या वाद्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत हलगी होती, त्यांतल्या कित्येकांना ती आता पोरांच्या हातात नको असते. मिरवणुकीत आणि कुस्तीच्या मैदानात वाजवायला बोलवायचं आणि जेवायला वेगळं बसवायचं, हे त्यांनी पाहिलंय. ज्यांच्या घरात ती कधीच नव्हती, त्यांची पोरं मात्र हौसेनं येतात. वर्गात दोन्हीकडची पोरं आहेत, अकरा ते सतरा वयाची.

खर्च एका कारखानदाराची देणगी आणि वर्षातून एकदा होणाऱ्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमावर चालायचा. कार्यक्रम केशवराव भोसले नाट्यगृहात होई. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. त्यानंतर कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात आला, खुर्च्या निम्म्यावर आल्या आणि हिशेबात खड्डा पडला. चित्रपटाचं काम आलं ते याच सुमाराला. म्हणूनच सरांना पहिल्यांदा वाटलं की पोरांनाच वाजवायला लावावं : चित्रपटाला अस्सल हलगी मिळेल, वर्गाला पैसे.

वर्गात नाव घालताना पालक एक पानी फॉर्म भरतात. त्यात ओळ आहे, 'कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी छायाचित्र व चित्रफीत वापरण्यास हरकत नाही.' हक्कांबद्दल पालकांनी सही केलेली तेवढीच.

चार मिनिटं

पॅकेज ६ लाखांचं, फक्त पार्श्वसंगीताचं. पॅकेज म्हणजे वादक, स्टुडिओ, प्रवास, चहा सगळं त्यातच आणि उरेल ते संगीतकाराचं. तीन हप्ते, प्रत्येकातून १० टक्के टीडीएस. शेवटचा हप्ता या धंद्यात कसा येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रसंग यात्रेचा. पालखीच्या गर्दीत एका बापाची मुलगी हरवते, तो शोधतो. पडद्यावर हलगीवाले दिसतात, म्हणजे हलगी प्रसंगातही आहे आणि बापाच्या घालमेलीचं संगीतही तीच. दिग्दर्शकाने या जागी एका दाक्षिणात्य चित्रपटाचे धडाडणारे ढोल रेफरन्स म्हणून लावले होते. रेफरन्स चार महिने ऐकला की दिग्दर्शकाला दुसरं काही ऐकूच येत नाही. सरांनी वाद घालण्याऐवजी वर्गातलं एक रेकॉर्डिंग पायलट, म्हणजे कच्चा नमुना, म्हणून पाठवलं. नऊ पोरं, वर पत्र्याचं छप्पर, मागे कुणीतरी खोकतोय. दिग्दर्शकाचा रात्री फोन आला, हेच पाहिजे.

इथे एक मजेदार घोळ झाला. डिजिटल आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे याचा एक दर असतो. पायलट ४४.१ किलोहर्ट्झवर होता, चित्रपटाचं काम ४८ वर चालतं. एडिटिंगमध्ये कुठेतरी फाइल रूपांतर न करता ४८ समजून वाजली. अशी फाइल सुमारे नऊ टक्के वेगाने पळते आणि स्वर सुमारे दीड अर्धस्वरानं चढतो. पोरांनी मिनिटाला १३२ मात्रांनी वाजवलेलं पडद्यावर १४४ च्या आसपास पळत होतं. दिग्दर्शकाने प्रसंग त्या वेगावर कापला आणि तो वेग त्याच्या अंगात भिनला. सरांनी मूळ वेग ऐकवला तर म्हणाला, आता ढिलं वाटतंय.

म्हणजे एका तांत्रिक चुकीतून आलेल्या लयीत पोरांनी वाजवायचं होतं.

रेकॉर्डिंग जुलैत. कोल्हापूरचा जुलै म्हणजे कातड्याच्या वाद्याचा वैरी. हवेतल्या ओलाव्यानं चामडं सैल होतं आणि हलगीचा कडक आवाज बसतो. वस्तादांनी शेगडी पेटवली, हलग्या शेकल्या, ठोका खणखणला. पण शेकलेली हलगी काही मिनिटांत पुन्हा उतरते. पहिला टेक आणि चौथा टेक यांचे स्वर जुळत नाहीत, त्यामुळे याचा तुकडा त्याला जोडता येत नाही. सरांनी ठरवलं की लांब टेक घ्यायचेच नाहीत : शेकायचं, पाऊण-एक मिनिट वाजवायचं, थांबायचं, पुन्हा शेकायचं. फायबरचं पान लावलेल्या हलग्या आणा, असं निर्मितीकडून सुचवलं गेलं. त्या ओलाव्याला दाद देत नाहीत हे खरं, पण शिमटीचा, म्हणजे हलगीच्या बारीक काडीचा, फटका त्यावर कोरडा वाजतो आणि दिग्दर्शक पायलटच्या प्रेमात पडला होता तो नेमका चामड्याच्या आवाजासाठी.

स्टुडिओत सगळे मावेनात, म्हणून रेकॉर्डिंग तालमीत झालं. कुस्तीच्या हौद्यातली लाल माती मऊ असते, खालून येणारा प्रतिध्वनी ती पिऊन टाकते. भिंतींना सतरंज्या आणि गाद्या टांगल्या. हलगीचा ठोका इतका तीक्ष्ण असतो की माइक जवळ ठेवला तर आवाज फाटतो. माइक डोक्याच्या उंचीवर आणि लांब गेले. कैताळ मात्र लांबूनही सगळ्यांवर कुरघोडी करतो, म्हणून तो वाजवणाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं.

मग क्लिक. पार्श्वसंगीतात वादकाच्या कानात मेट्रोनोमची टिकटिक देतात, म्हणजे ठोका चित्राशी नेमका जुळतो. चोवीस फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे जवळजवळ ४२ मिलिसेकंद. पडद्यावर शिमटी पडताना दिसते आणि आवाज दोन-तीन फ्रेम मागे आला तर डोळ्याला खटकतं. पोरांना हेडफोन लावले आणि वर्गात वाघासारखी वाजवणारी पोरं कवायत करायला लागली. वस्ताद म्हणाले, "सर, ते कानातलं काढा. पोरं माझ्याकडं बघून वाजवत्यात, टिकटिकीकडं बघून न्हाई."

"पण वस्ताद, लय फार पुढं आहे. १४४ ला सुरुवात झाली तर शेवटपर्यंत हात भरतील."

"सुरुवात कशाला तितं करायची? आपल्या लयीत धरू, चढवत नेऊ. बाप शोधतोय न्हवं? आधी चालंल, मग पळंल."

प्रसंगाचं यापेक्षा नेमकं विश्लेषण त्या युनिटमध्ये कुणी केलं असेल असं वाटत नाही. सरांनी हेडफोन काढले. पोरं १३० च्या आसपास सुरू झाली आणि शेवटी १४५ च्या पुढे गेली. नंतर सरांनी उलटं काम केलं : पोरांच्या ठोक्यांवरून संगणकात लयीचा नकाशा बनवला आणि व्हायोलिन, बासरी, खालचा बास हे सगळं त्या नकाशावर बसवलं. दिग्दर्शकाला तीन कट हलवावे लागले. त्याने ते कुरकुर न करता हलवले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

नऊ पोरं का नव्हती

रेकॉर्डिंगला वर्गातली पाचच पोरं होती, सगळी चौदा वर्षांवरची. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून चित्रपटात काम करता येतं, पण अटींवर. २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नको, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवायचे.

सरांनी प्रॉडक्शन मॅनेजरला हे सांगितलं. उत्तर अपेक्षित होतं : "चार ठोक्यांसाठी कलेक्टरची परवानगी? अहो सर, आवाजाला कुठं वय असतंय?" वेळ उरला नव्हता. सरांनी धाकट्या चौघांना वगळलं आणि पायलटचा एकही तुकडा अंतिम मिक्समध्ये ठेवला नाही, कारण त्यात ते चौघं वाजत होते. संख्या भरून काढायला पाच जणांकडून तेच पुन्हा वाजवून घेतलं आणि थर लावले.

वगळलेल्यांत वर्गातला सगळ्यात पक्का कैताळवाला होता, बारा वर्षांचा. त्याच्या जागी वस्ताद वाजवायला उभे राहिले. पोरगा पुढचे बरेच रविवार फिरकला नाही. कायद्याच्या बाजूने सर बरोबर होते, यात शंका नाही. पण पायलट पाठवला त्या दिवशीच परवानगीचा अर्ज टाका असं निर्मात्याला लेखी कळवलं असतं, तर ही पाळी टळली असती. दिग्दर्शक 'हेच पाहिजे' म्हणाला तेव्हा 'हेच' म्हणजे कोण, हा प्रश्न लगेच विचारायचा असतो.

कागद

निर्मात्याचा करारनामा ठरलेल्या साच्यातला : सर्व हक्क, जगभर, कायमचे, आजच्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत. वादकांसाठी वेगळं अर्धं पान, श्रेयात 'हलगी पथक, कोल्हापूर'.

संगीतकाराच्या बाबतीत हा साचा दिसतो तितका घातक नाही. स्वामित्व हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारा वापर सोडला, तर इतर वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा संगीतकाराला सोडूनच देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. बाकी कुणाला दिला असं करारात लिहिलं तरी ते कलम रद्दबातल. हा भाग सरांना माहीत होता. ते अनेक वर्षं आयपीआरएसचे, म्हणजे संगीतकार-गीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे, सभासद आहेत.

घात होता तो वादकांच्या अर्ध्या पानात. कायद्यातली 'कलाकार' या शब्दाची व्याख्या सांगते की चित्रपटात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही, त्याला जवळजवळ कुठल्याच हक्कासाठी कलाकार मानलं जात नाही. आता पडद्यामागे चार मिनिटं वाजवणारा पोरगा किरकोळ की महत्त्वाचा, यावर वकील दोन्हीकडून बोलू शकतात. पण नाव असेल तर तो वादच उरत नाही. श्रेयाची ओळ आपण मानाची गोष्ट समजतो. इथे ती पैशाची आहे : व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा वादकाचा हक्क तिच्याआधारे उभा राहतो. 'हलगी पथक' या दोन शब्दांत कुणाचंच नाव नाही.

सरांनी दोन गोष्टी मागितल्या. सहाही जणांची नावं श्रेयात वेगवेगळी हवीत. आणि वादकांची संमती चित्रपट, ट्रेलर आणि जाहिरातीपुरती राहील. स्वतंत्र गाणं म्हणून वापरायचं तर नवा करार. पहिली मागणी निर्मात्याने लगेच मानली, नावं छापायला पैसे पडत नाहीत. दुसरीवर आठवडा गेला. शेवटी सरांनी शेवटचा हप्ता प्रदर्शनानंतर घ्यायचं कबूल केलं तेव्हा सही झाली. अल्पवयीनाने केलेला करार आपल्याकडे टिकत नाही, म्हणून पाचही पोरांच्या वतीने पालकांनी सह्या केल्या. पोरांना प्रत्येकी ३ हजार, वस्तादांना ८ हजार.

एका पालकाने सही केली, पण नाव नको म्हणाले. घरात दोन पिढ्यांपूर्वी हलगी होती. आडनावासकट ती पडद्यावर नको होती. पोरगा मात्र हटून बसला. सरांनी मध्ये पडायचं टाळलं, वस्ताद घरी जाऊन आले. मुलाने स्वतःचं आणि आईचं नाव दिलं, आडनाव सोडलं. पूर्ण नाव आणि श्रेयातलं नाव एकाच माणसाचं असल्याची नोंद करारात केली.

लेबल

चित्रपट चालला नाही. यात्रेचा तुकडा मात्र लोकांच्या मोबाईलवर फिरला. लेबलचा निरोप आला : ७५ हजार ठोक, मास्टरसकट (म्हणजे मूळ मुद्रणासकट) सगळे हक्क, व्हिडिओत पोरं हवीत.

इथे सरांनी शहाणपणा केला. चित्रपटातलं ध्वनिमुद्रण निर्मात्याचं, त्यात हात घातला तर तिघांचं भांडण. वर्गातला पायलट मात्र सरांनी स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या पुढाकाराने मुद्रित केलेला, म्हणजे त्या मुद्रणाचे निर्माते सरच. तोच नीट साफ करून द्यायचा. यात नऊच्या नऊ पोरं येतात, कैताळवाला बारा वर्षांचा पोरगाही. त्याचबरोबर दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीपासून मुदत ठेवीपर्यंतच्या सगळ्या अटी येतात. आणि 'कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी' ही फॉर्मवरची ओळ इथे काडीच्या उपयोगाची नाही. सगळ्या पालकांच्या नव्या सह्या लागतात. मास्टर विकायचा नाही, पाच वर्षांसाठी वापरायला द्यायचा, असा सरांचा प्रस्ताव. करारात मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणून लेबलवाले 'कायमस्वरूपी' हा शब्द विसरत नाहीत.

खरी चकमक वेगळ्याच मुद्द्यावर झाली. संगीतकार म्हणून कुणाचं नाव? हलगीचे पारंपरिक ठेके कुणाच्याच मालकीचे नाहीत. पण कुठला ठेका कुठे सोडायचा, घुमकं कुठे थांबवायचं, लय कशी चढवायची, ही चार मिनिटांची बांधणी वस्तादांची होती. सरांनी संगीतकार म्हणून दोघांची नावं घातली. लेबलच्या माणसाने विचारलं, हलगीला कसला आलाय संगीतकार?

त्याला हसणं सोपं आहे, पण चित्रपटाच्या क्यू शीटवर सरांनीही वस्तादांना वादकच लिहिलं होतं. क्यू शीट म्हणजे कुठल्या जागी कुणाचं संगीत किती सेकंद वाजलं त्याची यादी. टीव्हीवर किंवा इतर ठिकाणी चित्रपट लागला की संगीतकाराचे पैसे तिच्यावरून वाटले जातात. मला या प्रकरणात सरांचं सगळ्यात कच्चं काम हेच वाटतं. पोरांच्या हक्कांसाठी त्यांनी हप्ता मागे ढकलला, आणि ज्यांनी प्रसंगाची लय सुचवली त्यांना संगीतकार म्हणावं हे त्यांना लेबलच्या टेबलावर सुचलं. विचारल्यावर त्यांनी फाटे फोडले नाहीत. निर्मात्याला दुरुस्त क्यू शीट पाठवली, वस्तादांचा आयपीआरएसचा अर्ज भरला. वस्तादांकडे पॅन कार्ड होतं, बँक खातं होतं, ईमेल नव्हता. तो त्यांच्या नातीचा दिला.

सध्याची स्थिती अशी. लेबलने पाच वर्षांची मुदत आणि दोघा संगीतकारांची नावं मानली आहेत. वादकांना ठोक रकमेऐवजी उत्पन्नातला वाटा द्यायला ते तयार नाहीत, सर त्याशिवाय सही करायला तयार नाहीत. चित्रपटाच्या शेवटच्या हप्त्यातले निम्मे आले, निम्मे बाकी आहेत. वर्गाचा फॉर्म आता तीन पानी झालाय : प्रसिद्धी, चित्रपट आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रण यांची संमती वेगवेगळी, आणि पालकांच्या सहीशेजारी मुलाची स्वतःची सही. तिसऱ्या पानावर नाव कसं छापायचं ते मुलाने लिहायचं असतं, आणि दोन मुलांनी तिथे आडनाव लिहिलेलं नाही. कैताळवाला पुन्हा यायला लागलाय. व्हिडिओत तो असणार असेल तर परवानगीचा अर्ज आधी, चित्रीकरणाची तारीख नंतर, अशी अट सरांनी मसुद्यात घातली आहे.